धुळीतील रेघ

चैत्र महिना लागला की पनवेलच्या जुन्या वस्तीतील काही घरांपुढे अजूनही चैत्रांगण उमटते. उन्हे वर येण्यापूर्वी अंगण झाडून, सारवून ठेवलेले असते. जेथे अंगण उरले नाही, तेथे दारापुढची फरशी ओल्या फडक्याने पुसून तिच्यावर गेरूचा पट्टा ओढतात. मग घरातील आजी भिंतीला हात टेकून सावकाश खाली बसते, चिमटीत रांगोळी घेते आणि पहिली रेघ सोडते. प्रथम गौरीचा झोपाळा निघतो. त्याच्या भोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, कासव, नाग, तुळशीवृंदावन, गाईची पावले, आरसा आणि फणी अशी सारी मंडळी एकामागून एक येऊन आपापल्या जागी बसतात. यांतील एकही चित्र आजीने स्वतः कल्पिलेले नसते. तिला ते तिच्या आईने दाखविले, आईला तिच्या सासूने. कासव म्हणजे कासव आणि शंख म्हणजे शंख. त्यात बदल करावा असे कोणाच्या मनात येत नाही.

शेजारच्या दारापुढेही नेमकी हीच चित्रे असतात. तरीसुद्धा घरातल्या नातीला डोळे बांधून दोन्ही दारांपुढून फिरवून आणावे आणि मग डोळे सोडून विचारावे, यातले आपल्या आजीचे चैत्रांगण कोणते, तर ती क्षणाचाही विचार न करता सांगेल. आजीच्या कासवाचे पाय बाहेर फेकलेले असतात, जणू ते आत्ताच तळ्याकडे निघाले आहे. शेजारच्या काकूंचे कासव पाय पोटाशी घेऊन बसलेले असते. आजीची फणी दाट दातांची. काकूंच्या फणीचे दात विरळ, पण सारे एका मापाचे. चिन्हे एकच, हात मात्र वेगळे.

हा हाताचा वेगळेपणा येतो कोठून? रांगोळीची पूड अंगठा आणि तर्जनी यांच्या फटीतून झरते. फट किती उघडायची, हात जमिनीपासून किती उंच धरायचा, वळणावर थांबायचे की वेगाने पुढे जायचे, हे सारे बोटेच ठरवितात. हात उंच धरला तर रेघ रुंद आणि पिसारलेली पडते. खाली आणला तर दोऱ्यासारखी बारीक येते. ज्याचे त्याचे बोट जसे, ज्याचा त्याचा धीर जसा, तशी त्याची रेघ. आता बाजारात भोकांच्या चाळण्या आणि छाप मिळतात. चाळणी ठेवावी, पूड टाकावी, वर उचलावी, की सुबक कमळ तयार! वेळ वाचतो, हे खरे. मात्र ते कमळ पाहून ते कोणी काढले हे आजीच्या नातीलाही सांगता येणार नाही.

शाळेत पहिल्या दिवशी मुलाच्या हाती पाटी येते तेव्हाही असेच घडते. गुरुजी 'ग' काढून देतात आणि चाळीस मुले तो गिरवितात. सर्वांच्या पुढे एकच 'ग', सर्वांच्या हाती सारखीच पेन्सिल. आठ दिवसांनी पाट्या गोळा कराव्यात, तर चाळीस तऱ्हेचे 'ग' दिसतात. एखाद्याचा काना तोल गेल्यासारखा कललेला, एखाद्याचा छातीवर हात बांधून उभा. गुरुजी ते दुरुस्त करतात आणि करावेतही, कारण अक्षर हे दुसऱ्याला वाचता यावे म्हणूनच असते. तथापि कितीही दुरुस्त केले तरी दहा वर्षांनंतर पाकिटावरचा पत्ता पाहूनच पत्र कोणाचे ते घरातील माणसे ओळखतात. अक्षर सर्वांचे असते; त्याचे वळण एकाचेच असते.

पनवेलला वळणाचे आणखी एक नाते आहे. हे गाव एके काळी बंदर होते आणि देशावरचा माल बैलगाड्यांवर लादून घाटाखाली येथे येत असे. घाट उतरताना चाकांचे जे व्हायचे ते होई. त्यामुळे बैलगाडीची चाके बनविण्याचा धंदा येथे भरभराटला. देशावरून आलेली गाडी परतताना पनवेलची नवी चाके बसवून जाई, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. चाकाचे वर्तुळ अंदाजाने काढून चालत नाही. मध्ये खिळा, खिळ्याला दोरी, दोरीच्या टोकाला खूण करण्याचे साधन. असे फिरविले की वर्तुळ बिनचूक येते. ते कोणत्याही सुताराने काढले तरी तेच येते, आणि तेच यायला हवे. एक चाक सुताराच्या मनासारखे आणि दुसरे त्याच्या भावाच्या मनासारखे झाले, तर गाडी घाट कशी चढणार? तेव्हा हाताने स्वतःला बाजूला ठेवावे, अशीही कामे जगात असतात. त्यांचा मान कमी नाही.

परंतु मनात काही साठले आणि ते सांगण्यास कोणी नसले, म्हणजे माणसाला दुसऱ्या प्रकारची रेघ लागते. पनवेलजवळच्या शिरढोण गावी 1845 साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यास लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. दिवसभर त्यांची लेखणी सरकारचे आकडे उतरवीत असे. आई आजारी असता त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही आणि आईची अखेरची भेट हुकली. पुढे त्यांनी सरकारविरुद्ध बंड उभारले. ते फिसकटत चालले असता त्यांनी आपली हकीकत स्वतःच्या हाताने लिहून काढली. 1879 साली ते पकडले गेल्यावर हीच वही खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आली. ज्या हाताने वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, त्याच हाताने शेवटी आपला हिशेब लिहिला.

फडक्यांना अक्षरे येत होती. ज्याला अक्षरे येत नाहीत आणि ज्याची वाचाही थांबली आहे, अशा मुलाने काय करावे? असा एक मुलगा होता. तो पनवेलचा नव्हे. परंतु पनवेलपासून फार दूरचाही नव्हे.

पनवेलच्या स्थानकावरून रेल्वेने निघावे, दिवा आणि भिवंडी मागे टाकून वसईला यावे आणि तेथून उत्तरेकडे वळावे. वैतरणा नदी ओलांडली की पालघर येते, मग बोईसर, मग डहाणू. एका बाजूला समुद्र फार दूर नाही. दुसऱ्या बाजूला सह्याद्रीच्या रांगा आणि त्यांच्या अलीकडे भातशेती, ताडाची झाडे, विखुरलेले पाडे. डहाणूजवळ महालक्ष्मीचा सुळका दिसतो. पायथ्याशी रुंद आणि माथ्याकडे निमुळता, असा तो डोंगर मुलाच्या हाती दिला तर मूल त्याचा त्रिकोणच काढील. हा वारली लोकांचा मुलूख. 2014 सालापर्यंत तो ठाणे जिल्ह्यात मोडत असे. आता पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे.

या मुलखात, तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे, 1934 साली जिव्या सोमा मशे यांचा जन्म झाला. जिव्या सात वर्षांचा असताना त्याची आई वारली. त्या धक्क्याने त्याचे बोलणे थांबले. घरच्यांनी हाका मारल्या, बरोबरीच्या पोरांनी चिडविले असेल, मोठ्यांनी समजूत घातली असेल. शब्द काही आले नाहीत. मात्र काही सांगायचे असले म्हणजे जिव्या खाली बसे आणि धुळीत बोटाने चित्र काढी. भूक, माणसे, जनावरे, जे दाखवायचे ते धूळच दाखवी.

धुळीसारखा कागद नाही. ती कोठेही मिळते आणि तिला दाम पडत नाही. बोट टेकविले की खळगा पडतो, ओढले की चर होते आणि चराच्या दोन्ही कडांना धुळीचे बारीक बांध उभे राहतात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या बांधांची सावली पडून रेघ ठळक दिसते. दुपारी ऊन डोक्यावर आले की तीच रेघ पुसट होते. चुकले तर तळहात फिरविला की पाटी कोरी. कोंबडी वरून गेली तरी कोरी. शिवाय धुळीचा एक मोठा गुण असा, की ती उत्तराची घाई करीत नाही. न बोलणाऱ्या मुलाला प्रत्येक माणूस 'बोल, बोल' म्हणून आग्रह करतो. तो आग्रह प्रेमाचाच असतो, पण मूल त्याने अधिकच मिटते. धूळ मुकाट्याने पडून राहते.

अकराव्या वर्षी जिव्या डहाणू तालुक्यातील गंजाडजवळ कळंबीपाड्यावर राहावयास आला आणि पुढचे सारे आयुष्य त्याने तेथेच काढले. त्याचे बोलणे पुढे परत आले. पण बोटांना लागलेली सवय सुटली नाही.

आता वारल्यांच्या घरात चित्रे नव्हती असे नाही. उलट चित्राशिवाय वारल्यांचे लग्नच लागत नसे. कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या असतात. लग्न ठरले की आतली एक भिंत गेरूने लाल करतात. तांदूळ भिजवून वाटतात आणि त्या पांढऱ्या खळीत बांबूची काडी बुडवितात. काडीचे टोक आधी चावून मऊ केलेले असते. हाच त्यांचा कुंचला. मग सवाशिणी भिंतीपुढे बसून चौक लिहितात. 'लिहितात' हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. वारली बायका चौक काढीत नाहीत, लिहितात. चौकोनाच्या कडांना नक्षीच्या पट्ट्या, मध्यभागी पालघट देवी, तिच्याजवळ सूर्य, चंद्र, शिडी आणि फणी. चौकाबाहेर झाडे, माणसे, घोड्यावरचा नवरदेव. लग्न लावणारी धवलेरी हीदेखील स्त्रीच असते, आणि तिची गाणी चालू असताना चौक भिंतीवर साक्षीला असतो.

सूर्य, चंद्र आणि फणी! पनवेलच्या दारातल्या चैत्रांगणातही हीच तीन चिन्हे होती. एक घर जमिनीवर दगडाच्या पुडीने काढते, दुसरे भिंतीवर तांदळाच्या खळीने. दोन्ही घरांतील बायकांची एकमेकींशी कधी गाठ पडली नसेल. पण देवीला वेणीफणी करावीशी वाटणार, याविषयी दोघींचे एकमत आहे.

तांदळाच्या खळीची एक गंमत आहे. ओली असताना तिची रेघ भिंतीवर जेमतेम दिसते. काढणारीला आपण काय काढले ते पुरते दिसण्याआधीच हात पुढे न्यावा लागतो. भिंत पाणी पिते, खळ वाळते आणि मग रेघ पांढरीशुभ्र होऊन वर येते. काडी बुडविल्यानंतरचा पहिला ठसा जाड पडतो. खळ संपत आली की रेघ बारीक होत होत तुटते. त्यामुळे कोणतीही रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी नसते. ती जेथे तुटते, तेथे काढणाऱ्या बाईने काडी पुन्हा वाटीत बुडविलेली असते. जाणत्या डोळ्यांना त्या भिंतीवर चित्राबरोबर हाताची ये-जासुद्धा दिसते.

चौक लिहिण्याचे काम बायकांचे. लग्न झाले की चित्राचे काम संपले. पुढे धुराने आणि पावसाळ्याच्या ओलीने ते पुसट होई आणि कोणी त्याची हळहळ करीत नसे. जिव्या मात्र पुरुष असून चित्रे काढी, आणि लग्न असो वा नसो, रोज काढी. वारल्यांच्या रीतीत ही नवी गोष्ट होती. त्याने कोणाशी भांडण मांडले नाही, की रीत मोडण्याचा पुकारा केला नाही. त्याला त्या रेघांची गरज होती, एवढेच. आणि ज्याला जे खरोखर लागते, ते करताना त्याला आपण काही नवे करीत आहोत याचे भान असतेच असे नाही.

1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे एक चित्रकार या भागात आले. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात ते काम करीत. त्यापूर्वी बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला असताना मिथिलेतील बायकांना त्यांनी कागद नेऊन दिले होते. भिंतीवर काढता तेच यावर काढा, म्हणजे ते विकता येईल आणि घरात धान्य येईल, असे त्यांना सांगितले होते. वारली पाड्यांवरही त्यांनी तसेच केले. कागद आणला, त्याला भिंतीसारखा गेरूचा रंग दिला, आणि पाहू लागले. वारली बायकांनी आपले चौक कागदावर उतरविले. जिव्याचे कागद हाती आले तेव्हा मात्र कुलकर्णी थबकले असतील. कारण या माणसाला काढायला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. त्याचा रियाज तीस वर्षांचा झाला होता आणि तो कोणाच्याही नकळत झाला होता.

1975 साली मुंबईच्या एका नामांकित कलादालनात, गॅलरी शेमोल्ड येथे, जिव्या मशे यांची चित्रे मांडली गेली. पुढच्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथून पुढचा प्रवास लांबचा आहे. 1989 साली पॅरिस येथे जगभरच्या कलावंतांचे एक मोठे प्रदर्शन भरले, त्यात त्यांची चित्रे होती. 2009 साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री. परंतु मानसन्मानांची यादी वाचून त्यांच्या रेघेविषयी काही कळत नाही. त्यासाठी एखादे चित्रच जवळ जाऊन पाहायला हवे.

त्यांनी अनेकदा मासेमारीचे जाळे काढले आहे. दुरून पाहिले तर चित्रभर पांढरट धुके पसरल्यासारखे वाटते. जवळ गेले की धुक्याचे धागे होतात, धाग्यांची घरे दिसू लागतात. घरे शेकड्यांनी नव्हे, हजारांनी मोजावीत इतकी. आणि प्रत्येक घर हाताने विणलेले. एकही घर शेजारच्या घराच्या मापाचे नाही. म्हणूनच ते जाळे पाण्यात हलते. पट्टी घेऊन, आखून काढले असते तर ती खिडकीची जाळी झाली असती. जाळ्याच्या आत मासे, आणि एका कडेला, दोरी धरलेला, बोटाच्या पेराएवढा माणूस. त्याचे अंग म्हणजे टोकाला टोक लावून ठेवलेले दोन त्रिकोण, डोके म्हणजे लहानसे वर्तुळ, हातपाय चार काड्या. नाक नाही, डोळे नाहीत. तरी तो ओढतो आहे, त्याला भार जाणवतो आहे, हे त्रिकोण किती कलला आहे त्यावरून समजते.

वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढीच वारली चित्रांची बाराखडी. वर्तुळ सूर्यचंद्रावरून आले आणि त्रिकोण डोंगरावरून व टोकदार झाडांवरून, असे अभ्यासक सांगतात. चौकोन मात्र निसर्गात सहसा दिसत नाही, तो माणसाचा. ही बाराखडी जिव्यांनी केली नाही. ती त्यांना भिंतीवरून मिळाली, जशी चैत्रांगणातली चिन्हे नातीला आजीकडून मिळतात. त्यांनी एवढेच केले की ती चौकाबाहेर मोकळी सोडली. भाताची मळणी, तारपा वाजविणाऱ्याभोवती गुंफलेला नाच, मुंग्यांची रांग, वाऱ्याने वाकलेले झाड, पाड्याकडे धावत निघालेली पोरे असे सारे त्या रेघांत आले. आपल्या पूर्वीच्या मुक्या दिवसांवर त्यांनी वेगळे चित्र काढण्याचे कारणच नव्हते. ठिपक्यामागे ठिपका देत जाण्याचा जो अपार धीर त्या हातात आहे, तो कोठून आला हे धामणगावची धूळ जाणत होती.

2003 साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे जिव्या मशे आणि इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांचे काम शेजारी शेजारी मांडले गेले. या लाँग यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. 1967 साली, विद्यार्थी असताना, ते गवताच्या एका मैदानावर एकाच सरळ वाटेने पुन्हा पुन्हा चालत राहिले. पुढे जावे, परत यावे, पुन्हा जावे. अखेर गवत दबून तेथे एक रेघ दिसू लागली. त्यांनी तिचे छायाचित्र घेतले आणि ते निघून गेले. रेघ काढायला त्यांना पेन्सिल लागली नाही, बोटही लागले नाही, पाय पुरले. काही दिवसांत गवत पुन्हा उभे राहिले असेल. एकाची रेघ धुळीत, दुसऱ्याची गवतात. एक डहाणूच्या पाड्यावरचा शेतकरी, दुसरा इंग्लंडमधील कलाशाळेतला विद्यार्थी. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, याची फारशी अडचण पडू नये.

आज वारली चित्रे कोठे नाहीत? शाळांच्या कुंपणभिंती, दवाखाने, बसथांबे, चहाचे पेले, साड्यांचे पदर, लग्नपत्रिका यांवर तारप्याचा तो फेर चाललेला दिसतो. पनवेलमधला मुलगाही चित्रकलेच्या तासाला दोन त्रिकोण जोडून माणूस काढतो. यात वाईट काही नाही. पण बहुतेक ठिकाणी एकच फेर, एकच झोपडी आणि एकच ताडाचे झाड असते, आणि ते कोठून तरी छापील कित्त्यावरून उतरविलेले असते. भिंतीवर पुठ्ठ्याचा साचा ठेवून वर फवारा मारला की दहा मिनिटांत वीस माणसे नाचू लागतात. ती सारी एकाच वजनाची, एकाच उंचीची. त्यांतला कोणीही दमलेला नसतो आणि कोणीही इतरांपेक्षा अधिक आनंदात नसतो. ज्यांच्याकडून हे घेतले त्यांचे नावही सहसा भिंतीवर लिहिलेले नसते. हे मात्र वाईट आहे.

कित्ता गिरवू नये असे कोणी म्हणणार नाही. चैत्रांगण हा कित्ताच आहे आणि 'ग' हाही. मात्र गिरविता गिरविता एखाद्या दिवशी हात जरासा बाहेर जातो. एखादी मुलगी वहीत वारली फेर काढीत असते. बाकीच्यांप्रमाणे तिनेही माणसे रांगेत लावली आहेत. काढता काढता तिला कालची गोष्ट आठवते. गाढी नदीला पूर आला होता, आणि पुलावरून बाबा येईपर्यंत ती खिडकीशी उभी होती. ही गोष्ट तिने कोणाला सांगितलेली नाही. सांगावी असे शब्दही तिला सापडलेले नाहीत. फेरातला एक माणूस ती जरा दूर काढते. त्याच्या पायाशी आडव्या लाटा काढते. पहिली सावकाश, मग एकीवर एक, भराभर, कागदाच्या कडेपर्यंत. तास संपल्याची घंटा होते तरी तिचे लक्ष नसते. बाई मागून येऊन पाहतात. त्यांनी तर फेर काढायला सांगितला होता! त्या काही बोलत नाहीत. लाटा ओल्या आहेत, वहीला हात लावू नकोस, एवढेच शेजारच्या मुलाला सांगतात.

जिव्या सोमा मशे 15 मे 2018 रोजी वारले. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रे काढतात. एकाच घरातले, एकाच बापाजवळ बसून शिकलेले. तरी त्यांच्या रेघा बापासारख्या नाहीत, आणि एकमेकांसारख्याही नाहीत.